मदत हवी आहे: गाडी आणि घर, दोन्हीकडचा एसी एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट

नमस्कार. मी कोल्हापुरात ताराबाई पार्क भागात राहतो. गाडीतील आणि घरातील एसीची तक्रार जवळजवळ सारखीच असल्यामुळे दोन्ही एकत्र मांडत आहे.

गाडी सात वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक असून तापमानासाठी एकच नॉब आहे. कागलपर्यंत हायवेने जाताना थर्मामीटर लावून पाहिला, तेव्हा डाव्या टोकाच्या जाळीतून 8 अंशांची आणि चालकाकडच्या जाळीतून 17 अंशांची हवा येत होती. गेल्या एप्रिलमध्ये उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या गार झाल्या होत्या. या मार्चमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता दुसरे मेकॅनिक म्हणतात की गरम आणि गार हवा मिसळणारा फ्लॅप बिघडला आहे, त्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. मला हे पटत नाही, कारण माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना मिळून एकच फ्लॅप आहे आणि तो अडकला असता तर दोन्हीकडची हवा सारखीच कोमट झाली असती. गॅस कमी पडला की द्रवरूपात आलेला तो कूलिंग कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच उकळून संपतो आणि उरलेली कॉइल कोरडी राहून गार होत नाही, असे मी समजतो. हे बरोबर आहे का?

घरी वरच्या मजल्यावर दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. पलंगापाशी 23 अंश, तर पश्चिमेच्या भिंतीलगत टेबलापाशी 28 अंश. फिल्टर धुतले आहेत. कव्हर उघडल्यावर कॉइलचा डावा भाग ओला आणि उजवा कोरडा दिसला. आउटडोअर युनिटच्या बारीक पाइपवर पांढरे बर्फ साचते. कंपनीचा माणूस ‘दरवर्षी गॅस टॉप-अप करावाच लागतो’ असे सांगतो. बंद पाइपमध्ये फिरणारा गॅस वापरून संपतो कसा, हे मात्र त्याने सांगितले नाही. आधी गळती शोधण्याचा आग्रह धरावा का?

प्रतिसाद

मी एसी दुरुस्तीचेच काम करतो. गाडीबाबत तुमचा तर्क योग्य वाटतो, तरी डॅशबोर्डला हात लावू देण्यापूर्वी इंजिन गरम असताना एसी बंद करून नॉब पूर्ण गरमवर फिरवा. दोन्ही जाळ्यांतून सारखीच गरम हवा आली, तर फ्लॅप ठीक आहे. त्यानंतर डाय (गळतीच्या जागी दिसणारा रंग) घालून गळती शोधायला सांगा; पुढच्या कंडेन्सरला (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला) खडी लागते, तिथे आधी पाहावे. गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम करून (पाइपमधली हवा आणि ओलावा पंपाने काढून), बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्यावा. नुसते गेज (दाबमापक) बघून अंदाजाने भरलेला गॅस जास्त झाला तरी गारवा कमीच होतो.

घरच्या एसीत बारीक पाइपवरचे बर्फ आणि अर्धी ओली कॉइल ही दोन्ही गॅस कमी असल्याचीच लक्षणे आहेत. पाइपच्या नटांभोवती तेलकट धूळ चिकटली आहे का ते पाहा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते. तपासणी नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचा फेस लावून करावी. दाबासाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नये, त्याने स्फोट होतो. मात्र टेबलापाशी थोडा उकाडा नंतरही राहील. एसीचा सेन्सर आत शिरणारी हवा मोजतो, त्याला तापलेल्या पश्चिम भिंतीचा पत्ता नसतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. नॉब फिरवून पाहिला, दोन्हीकडे सारखीच गरम हवा आली, त्यामुळे डॅशबोर्डचे काम रद्द केले. गच्चीवरच्या युनिटच्या जाड पाइपच्या नटाला तेलकट काळी धूळ होती. साबणाचा फेस लावल्यावर एक बुडबुडा अगदी सावकाश फुगत गेला. नट नुसता आवळून चालेल, की पाइपचे तोंड कापून नवीन फ्लेअर (नटात बसणारे पसरट तोंड) करून घ्यावे?

प्रतिसाद

नवीन फ्लेअरच करून घ्या. जुन्या तोंडाला चीर असेल, तर जास्त आवळल्याने ती वाढेल.