मदत हवी आहे: हायपर-व्हीवरून प्रॉक्समॉक्सवर आणलेला विंडोज सर्व्हर स्कझी डिस्कवर बूट होत नाही
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर हायपर-व्हीवरून प्रॉक्समॉक्सवर (दोन्ही व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सॉफ्टवेअर) हलवतोय. विंडोज सर्व्हर 2016, जनरेशन 2 व्हीएम, 400 जीबी. त्यावरच टॅली आणि एकमेव डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा). चेकपॉइंट (स्नॅपशॉट) आधी मर्ज केले, व्हीएम नीट शटडाउन करून व्हीएचडीएक्स (व्हीएमच्या डिस्कची फाइल) इम्पोर्ट केली. बायोस ओव्हीएमएफ (यूईएफआय), ईएफआय डिस्क जोडलेली, सिक्युअर बूट बंद.

डिस्क साटावर ठेवली तर चालू होतो, पण टॅलीत दोघे बसले की रखडतो. व्हर्टआयओ स्कझीवर (व्हीएमसाठीचा वेगवान डिस्क कंट्रोलर) नेली की 0x7B, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.

1 जीबीची रिकामी डिस्क त्याच स्कझी कंट्रोलरवर जोडून बूट केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर नीट दिसतो (व्हर्टआयओ स्कझीचा व्हीआयओस्कझी, व्हर्टआयओ ब्लॉकचा व्हीआयओस्टोर नव्हे, हे मुद्दाम तपासलं). बूट ऑर्डरही बदलली. रिकव्हरीतून डिस्म या विंडोजच्या टूलने ड्रायव्हर घातला, तरी तेच.

जुनी व्हीएम परत चालू करायची नाही. वेळ रविवारी रात्रीपासून सोमवारी सकाळी 9 पर्यंतच.

साटावर असतानाच बीसीडीएडिटने (बूट सेटिंग बदलायचं टूल) सेफबूट मिनिमल, म्हणजे सेफ मोड, लावून मग डिस्क स्कझीवर न्यावी, की रजिस्ट्रीत व्हीआयओस्कझीचा स्टार्ट 0 (बूट होतानाच लोड) करणं पुरेल? 2016 वर नेमकं कशाने जमलं?