जुनाट दुखण्याला भांगेच्या औषधाची जोड: आपल्या बेळगाव जिल्ह्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू व्हावी का?

निपाणीचा मास्तर

आपल्याकडं दुखणं कामातूनच येतं. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून बसतात. वडगाव-शहापुरात यंत्रमागापाशी उभं राहून पोटऱ्या दगड होतात. अथणी-चिकोडीकडं ऊसतोड आहेच. पन्नाशीच्या आत मान, कंबर, गुडघे धरतात, त्यात साखरेचा आजार असला की तळपायांची आग रात्रभर झोपू देत नाही. डॉक्टर प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशा नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या देतात. कुणाला गुण येतो, कुणाला नुसती चक्कर येते. मग माणूस मेडिकलमधून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणतो, वर्षानुवर्षं खातो आणि किडनीचं दुखणं मागं लावून घेतो.

अशांसाठी भांगेतल्या घटकांपासून केलेलं औषध, म्हणजे सीबीडी (नशा न आणणारा घटक) आणि मोजून दिलेलं टीएचसी (नशा आणणारा घटक), चालू उपचारांना जोड म्हणून मिळावं असं माझं मत आहे. चिलीम नको, धूर नको. तोंडावाटे, थोड्या मात्रेपासून, डॉक्टरांच्या नजरेखाली. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या मार्गदर्शनात हेच आहे: नेहमीचे उपचार पुरत नसतील तर धुरावाटे न घेतलं जाणारं भांगेचं औषध देऊन पाहावं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक वेदना बाह्यरुग्ण विभाग असावा, तिथं नोंद ठेवून हे सुरू करावं. नाहीतर लोक 'विजया तेल' (विजया म्हणजे आयुर्वेदात भांग) कुठूनतरी मागवून घेतच आहेत, कुणालाही न विचारता.

भूलतज्ज्ञ, टिळकवाडी

मास्तर, वेदनेचे रुग्ण मी रोज पाहतो, तुमची तळमळ समजते. तरी विरोध नोंदवतो. ज्या मार्गदर्शनाचा दाखला दिलात त्याची शिफारस 'कमकुवत' या वर्गातली आहे, हे सांगायचं राहिलं. त्यामागच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर नुसत्या दिखाऊ औषधाच्या तुलनेत शंभरातल्या सुमारे दहाच जास्तीच्या रुग्णांना जाणवण्याइतका आराम पडतो. चाचण्या बहुतेक काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या. तुमच्या बिडी कामगार बाईला दुखणं वीस वर्षांचं. उपचारांची मार्गदर्शनं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१९ मध्ये सांगितलं की जुनाट वेदनेसाठी टीएचसी देऊ नये आणि सीबीडी फक्त संशोधन चाचणीत द्यावं. वेदना अभ्यासणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही २०२१ मध्ये वेदनेसाठी याच्या सर्रास वापराला पाठिंबा दिला नाही.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिनसारखी अत्यावश्यक औषधं रुग्णालयांना मिळणं सोपं केलं. तरी आज तालुक्याच्या गावात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसासाठी मॉर्फिनची गोळी शोधत नातेवाईक बेळगाव नाहीतर मिरज गाठतात. फिजिओथेरपिस्टची तीच गत. जे औषध निर्विवाद काम करतं ते आधी पोचवा. नव्याच्या मागं लागलो की जुनं काम तसंच राहतं, हे सरकारी कारभारात फार पाहिलंय.

वडगावची सून

डॉक्टरसाहेब, शंभरातले दहा तुम्हाला थोडे वाटतात. आमच्या घरात त्या दहांतलं एक माणूस असू शकतं. सासूबाईंना नागीण झाली, फोड वाळले, पण बरगडीची आग गेली नाही. पदर लागला तरी कळ येते. गोळ्यांनी दिवसभर गुंगी, दोनदा मोरीत पडल्या. एका वैद्यांनी विजयाचं तेल दिलं, जिभेखाली थेंब. दुखणं गेलं असं म्हणणार नाही. रात्रीची झोप मात्र लागते, आणि झोप झालेला माणूस दुखणं सोसू शकतो.

ज्या डॉक्टरांकडं आम्ही जातो त्यांना सांगायला गेलो तर ते भडकले, "गांजा पाजताय काय म्हातारीला?" तेव्हापासून घरात कुणी त्यांच्यापुढं विषय काढत नाही. मास्तर म्हणतात ती नोंद व्हायला हवी असं मला वाटतं ते याचसाठी.

भूलतज्ज्ञ, टिळकवाडी

ताई, हे कृपा करून डॉक्टरांना सांगाच, ते रागावले तरी. सासूबाई रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील तर सीबीडीमुळं त्याचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. फिटची काही औषधंही अशीच अंगात साचतात. यकृताची तपासणी लागते. आणि त्या मोरीत पडल्या असतील तर टीएचसीनं येणारी चक्कर आणि झापड त्यांना जास्त घातक. आधीच्या गोळ्यांची मात्रा कुणी कमी केली का? ती तशीच ठेवून वर तेल चालू असेल तर मला काळजी वाटते.

उगारचा शेतकरी

मास्तर, तुमचं बोलणं शिकल्याल्या माणसाला पटंल. गावात काय होतंय ते मी सांगतो. उसाच्या फडात गांजाची झाडं पोलिसांनी उपटली, ही बातमी आमच्या भागाला नवी न्हाई. माझ्या भावकीतलं एक पोरगं कॉलेजला असताना वढायला लागलं. पुढं रात्री उठून "कोण हाका मारतंय" म्हणून शिवारात पळायचं. आता गोळ्या चालू हायत, शिक्षण सुटलं. त्याच्या आईला जाऊन सांगा की ह्यालाच सरकार आता औषध म्हणतंय. पोरं उद्या हेच म्हणणार, "डॉक्टरच देत्यात की!" मॉर्फिनचं डॉक्टर म्हणाले ते बरोबर हाय. ते आधी आणा.

वकील, चिकोडी

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण भांग आणि गांजा एकत्र कालवलं जातंय. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही एका जामीन प्रकरणात भांग या कायद्याखाली येत नाही असं म्हटलं. म्हणूनच पानांपासून केलेली विजयाची आयुर्वेदिक औषधं परवान्यावर बनवून विकता येतात. ओळखीच्या माणसाकडून आणलेलं 'गांजा तेल' ही निराळी गोष्ट. गांजा थोडा, म्हणजे एक किलोपर्यंत, असला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वीस किलोच्या वर दहा ते वीस वर्षं. दुखणाऱ्या माणसानं त्या वाटेला जाऊच नये.

पानांच्या अर्कातही टीएचसी असतं, हे विसरू नका. औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, विजया आहे आणि तिच्या बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावीच लागते. नियम सांगतो ती इंग्रजी आणि हिंदीत. आमच्या सीमाभागात पाट्यांवरून इतकी भांडणं झाली, पण औषधाच्या बाटलीवरची ही एक ओळ ना कानडी म्हातारीला तिच्या भाषेत मिळते ना मराठी म्हातारीला. मास्तर, निवेदन देणार असाल तर हा मुद्दा पहिला घाला. शिवाय आपले पुष्कळ रुग्ण महाराष्ट्रात मिरज-कोल्हापूरला दाखवतात. भांगेचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बाटली सापडली तर चिठ्ठी आणि बिल जवळ असलेलं बरं.

निपाणीचा मास्तर

उगारच्या दादांनी सांगितलेलं मनाला लागलं. कोवळ्या वयात, आणि घराण्यात मनाचा आजार असेल तर कुठल्याही वयात, टीएचसी देऊ नये, यात दुमत नाही. पण त्या पोराला गांजा मिळाला तो देखरेख नव्हती म्हणून. माझी मागणी देखरेखीचीच आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगानं गांजा-चरसाला सर्वात कडक यादीतून काढलं तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. तिकडं औषधी उपयोग मान्य करायचा आणि इथं वडगावच्या ताईंना डॉक्टरांपासून बाटली लपवावी लागते, हे मला पटत नाही. मॉर्फिन आधी की हे आधी, असा क्रम लावायची गरज काय? एकाच विभागात दोन्ही होऊ शकतं.

उगारचा शेतकरी

विभागात होईल हो. पण तालुक्याला डॉक्टरची जागा रिकामी असती. रजिस्टर लिहिणार कोण, कंपाउंडर? दहा जणांना बरं वाटावं म्हणून शंभर पोरांच्या हाताशी हे आणायला माझा इरोधच हाय.

वडगावची सून

दादा, सासूबाईंची बाटली कपाटात कुलपात असते. तशी ठेवायला सांगता येतं की सगळ्यांना.

डॉक्टरसाहेब, वॉरफरिन नाही, बीपीची आणि साखरेची गोळी आहे. प्रेगाबालिन पूर्वीइतकंच चालू आहे, कमी कुणी केलेलं नाही.

भूलतज्ज्ञ, टिळकवाडी

मग आधी ते बघायला हवं. प्रेगाबालिन एकदम बंद करू नका. सगळ्या चिठ्ठ्या, साखरेचा आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि ती बाटली तुमच्या डॉक्टरांपुढं ठेवा. त्यांनी नाही ऐकलं तर दुसऱ्यांना दाखवा. बाटलीवर टीएचसी किती, सीबीडी किती, हे लिहिलंय का तेही बघा.

मास्तर, जे आधीच घेताहेत त्यांची नोंद ठेवायला माझा पाठिंबा आहे, निवेदनावर तेवढ्यापुरती सहीही करीन. नवीन रुग्णाला सुरू करायच्या कलमावर मात्र करणार नाही.