८०८० च्या सिम्युलेटरमध्ये ८०८५ बसवताना: जागोजागी इफ, की वेगळी फाइल?

रबाळे_कार्डवाला
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत जुनी कंट्रोलर कार्डं दुरुस्त करतो. एका पॅकिंग मशीनच्या कार्डावर ८०८५ (इंटेलचा जुना प्रोसेसर, ८०८० ची सुधारित आवृत्ती) आहे, त्याच्या प्रोग्रामचा सोर्स कोणाकडेच नाही. म्हणून २७३२ ईप्रॉम (प्रोग्राम साठवलेली मेमरी चिप) वाचून पीसीवर चालवून बघायची आहे. सिम्युलेटर (चिपची नक्कल करणारा प्रोग्राम) माझाच, सी मध्ये, पण ८०८० साठी लिहिलेला. आता फंक्शनागणिक ‘८०८५ आहे का’ असा इफ यायला लागलाय. पुढे झेड८० (त्याच घराण्यातला आणखी एक प्रोसेसर) ची कार्डंही येतील. फाइल कॉपी करून वेगळी करू का?

ऐरोली_फर्मवेअर
कॉपी नको. एका फाइलीत दुरुस्त केलेला बग दुसरीत तसाच राहतो, आणि ते नेमकं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कळतं. पण इफही असे पसरू देऊ नका. आधी फरक कुठल्या जातीचा आहे ते बघा.

वेळेचा फरक हा निव्वळ डेटा आहे. तुमच्या ईप्रॉममध्ये डीसीआर बी (बी रजिस्टर एकने कमी करा) आणि जेएनझेड (शून्य नसेल तर परत उडी मारा) यांचं वेळ काढणारं डिले लूप असणारच. बी मध्ये एफएफ (म्हणजे २५५) असेल तर ८०८० वर लूपला ३८२५ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके) लागतात, ८०८५ वर ३५६७. कारण डीसीआर ५ ऐवजी ४ चं झालं, आणि जंप झाली नाही तर जेएनझेड १० ऐवजी ७ मध्ये सुटतं. यासाठी इफ कशाला? दोन चिपची दोन टेबलं ठेवा, प्रत्येक ऑपकोडला (सूचनेच्या आकड्याला) जंप झाली तर किती आणि नाही झाली तर किती असे दोन आकडे.

ऑपकोडचंही तसंच. ८०८० ने १२ ऑपकोड अधिकृतपणे वापरलेच नाहीत. ८०८५ ने त्यातले २० आणि ३० हेक्स रिम-सिमला (इंटरप्टचे मास्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सूचनांना) दिले, उरलेल्या दहांवर मॅन्युअलमध्ये न छापलेल्या सूचना आहेत. २५६ फंक्शन पॉइंटरचं (कुठल्या ऑपकोडला कुठलं फंक्शन, त्याचं) ८०८० चं टेबल घ्या, सुरुवातीलाच त्या १२ जागा बदला, झालं.

खरी गोम तिसऱ्या जातीत आहे: ऑपकोड तोच, वागणं वेगळं. ए रजिस्टरमध्ये १२ हेक्स ठेवून एएनए ए (ए चा ए शीच अँड) करा, मग डीएए (दशमान दुरुस्ती). ८०८० वर एसी फ्लॅग (खालच्या चार बिटांचा हातचा) दोन्ही ऑपरँडच्या बिट ३ च्या ऑरवरून ठरतो, म्हणजे इथे ०, आणि उत्तर १२ च राहतं. ८०८५ वर एएनए नंतर एसी कायम १, म्हणून डीएए ६ मिळवतं आणि १८ येतं. इथे इफ चालेल, पण त्यात चिपचं नाव नको, वागण्याचं नाव हवं: ‘अँड_नंतर_एसी_१’. चौथी चिप आली की तिच्यासाठी फक्त हो-नाही भरायचं, कोडला हात लावायचा नाही.

झेड८० ला मात्र सरळ वेगळा कोअर (सूचना चालवणारा भाग) द्या. तिथे पॅरिटीचा फ्लॅग गणितानंतर ओव्हरफ्लो दाखवतो, डीएए वजाबाकीनंतरही चालतं, आणि सीबी, डीडी, ईडी, एफडी हे प्रीफिक्स आहेत. मेमरी आणि आयओची फंक्शन्स तेवढी सामाईक ठेवा.

ठाणे_मायक्रोलॅब
मी ठाण्यात डिप्लोमाच्या मुलांना ८०८५ शिकवते. सगळं टेबलात गेलं की मुलांना कोड वाचताना धागा सापडत नाही. ‘२० हेक्स काय करतं’ हे एकाच ठिकाणी दिसायला हवं. मेम (MAME, जुन्या मशीनांची नक्कल करणारा खुला प्रोग्राम) मध्ये बघा, ८०८० आणि ८०८५ एकाच फाइलीत आहेत आणि टी-स्टेटची टेबलं तेवढी दोन आहेत. मला तो मध्यम मार्ग पटतो.

ऐरोली_फर्मवेअर
मॅडम, शिकवण्यासाठी मान्य. पण यांना गिऱ्हाइकाचं मशीन चालू करायचंय आणि पुढे आणखी चिप येणार आहेत. तिथे मी टेबलच घेईन.

रबाळे_कार्डवाला
दोघांचेही मनापासून आभार. टेबलं वेगळी केली. एएनए-डीएए खऱ्या कार्डावर चालवून पाहिलं, १८ च आलं. आता प्रश्न आरएसटी ७.५ चा. ही इंटरप्टची (चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या सिग्नलची) पिन ८०८० ला नाहीच, मग ती टेबलात कुठे बसवायची?

ऐरोली_फर्मवेअर
टेबलात बसवूच नका. दर सूचनेआधी ‘इंटरप्ट तपास’ असं एक फंक्शन ठेवा, प्रत्येक चिपचं आपापलं. ८०८० चं फक्त त्याची एकमेव इंटरप्ट पिन आयएनटी बघेल. ८०८५ चं आधी ट्रॅप, मग ७.५, ६.५, ५.५ आणि शेवटी आयएनटीआर. ७.५ एजवर (सिग्नल वर जाण्याच्या क्षणी) चालतो, त्यामुळे त्याचा लॅच (तो क्षण लक्षात ठेवणारा बिट) वेगळा ठेवा. पिन खाली गेली तरी तो टिकतो. सिम देताना बिट ४ एक असेल तर तो पुसला जातो, तेवढं विसरू नका.