डेलियाचे विषाणूमुक्त बेणे लहान फुलशेतीत कसे तयार करावे आणि कसे टिकवावे?

प्रश्न

लांब दांड्याच्या फुलांसाठी आम्ही लहान क्षेत्रावर डेलिया घेतो आणि हंगाम संपल्यावर कंदांचे गड्डे विभागून पुढील लागवडीचे बेणे स्वतःच तयार करतो. गेल्या काही हंगामांत दोन-तीन वाणांची झाडे उत्तरोत्तर बुटकी होत चालली आहेत. त्यांच्या पानांवर शिरांच्या कडेने फिकट पिवळे पट्टे दिसतात आणि फुलांचे दांडे आखूड राहतात. लगतच्या ओळीतील इतर वाणांवर यांपैकी काहीही दिसत नाही. यापुढे कंदांबरोबर मुळे फुटलेली छाट कलमेही विकण्याचा विचार असल्यामुळे बेणे निरोगी असल्याची खात्री करून घेणे आवश्यक वाटते.

शेंड्याकडील वाढ जोमदार असल्याने विषाणू तिथपर्यंत पोहोचत नाही आणि म्हणून कंदाऐवजी छाट कलमाने वाढवलेली रोपे आपोआप स्वच्छ निघतात, असे अनेकांकडून ऐकले आहे. हे खरे आहे का? सर्व झाडांची तपासणी आमच्या आवाक्याबाहेरची आहे, तेव्हा नेमकी कोणती झाडे तपासावीत? आणि लक्षणे असलेल्या वाणांतील एखादा वाण आम्हाला टाकून द्यायचा नसेल, तर त्याचे काय करावे?

पहिला प्रतिसाद

छाट कलमाविषयीचा समज चुकीचा आहे, आणि बेण्यातून रोग पसरण्याचे ते एक मोठे कारण आहे. विषाणू साधारणपणे पोहोचत नाही तो केवळ शेंड्याच्या अगदी टोकावरील वाढबिंदूत, आणि त्या भागाची लांबी मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागते. आपण घेतो ते कलम सात ते दहा सेंटिमीटरचे असते; त्यात शिरा, पेरे आणि पाने असतात आणि मातृझाडातील विषाणू त्यात उतरलेला असतो. किंबहुना कंद विभागताना एका गड्ड्यातून मोजकेच तुकडे निघतात, तर त्याच गड्ड्यावर फुटवे आणून एकामागून एक कलमे घेतली तर रोपांची संख्या कितीतरी वाढते. मातृझाड रोगट असेल तर रोगट रोपांची संख्याही त्याच प्रमाणात वाढते.

म्हणून कंद की कलम, हा निरोगी बेण्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न मातृझाडांचा आहे. फुलांसाठी लावलेल्या शेतातून हंगामाच्या शेवटी चांगले दिसणारे गड्डे निवडून ठेवणे ही आपल्यापैकी बहुतेकांची पद्धत आहे आणि ती मुळातच सदोष आहे, कारण ती झाडे संपूर्ण हंगामभर मावा आणि फुलकिडे यांच्या संपर्कात राहिलेली असतात. त्याऐवजी प्रत्येक वाणाची मोजकी झाडे निवडून ती कुंड्यांमध्ये, कीडरोधक जाळीच्या आत, शेतापासून दूर ठेवावीत. त्या झाडांना फुलांसाठी वापरू नये. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि त्यापासून निघालेल्या प्रत्येक कंदावर व कलमाच्या ट्रेवर तोच क्रमांक लिहावा, म्हणजे पुढे एखाद्या रोपात दोष आढळल्यास त्याच झाडापासून आलेली सर्व रोपे शोधून काढता येतात. क्रमांक नसतील तर एका दोषी रोपासाठी संपूर्ण वाण संशयित ठरतो.

कलमे घेण्याची रीत थोडक्यात सांगतो. साठवणीतील कंद, मान वर उघडी राहील अशा बेताने, कोकोपीट व पर्लाइटच्या ओलसर मिश्रणात ठेवून १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमानात फुटवे आणावेत. फुटव्याला पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की पेराच्या लगेच खाली कापावे. मात्र फुटव्याच्या तळाशी एक पेर कंदावरच राहू द्यावे, म्हणजे तेथून पुन्हा फुटवे येतात. पोकळ आणि जाड फुटवे टाळावेत, ते मुळे धरण्याआधीच कुजतात. मुळे साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. दिवस लहान असतील तर कृत्रिम प्रकाश देऊन एकूण प्रकाशकाळ सुमारे १४ तासांचा करावा, कारण लहान दिवसांत डेलिया शाकीय वाढ थांबवून कंद धरू लागते आणि कलमे जागच्या जागी खुंटतात. जाळीतल्या मातृझाडांच्या बाबतीत हाच गुण उपयोगी पडतो: लहान कुंडीत वाढवलेले झाड दिवस लहान होताच आटोपशीर कंद धरते आणि तो साठवायला सोयीचा असतो.

दुसरा प्रतिसाद

वरील मांडणी मला मान्य आहे, परंतु पानांवरील पट्टे पाहूनच विषाणूचा निष्कर्ष काढू नये, आणि पाने स्वच्छ दिसतात म्हणून झाड निर्दोष आहे असेही मानू नये. लोहाच्या कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत तीच अवस्था जुन्या पानांवर दिसते. डेलियाच्या मोझॅकमध्ये, म्हणजे पानांवर पट्टे आणणाऱ्या विषाणूजन्य रोगात, याच्या उलट चित्र असते, म्हणजे पिवळेपणा शिरांना धरून असतो. कोळी किडींचा उपद्रव आणि तणनाशकाचा उडालेला फवारा यांमुळेही पाने वेडीवाकडी होतात. आपण केलेले वर्णन मोझॅकशी जुळणारे आहे, आणि लगतच्या वाणांवर लक्षणे नसणे हा मात्र त्यांच्या आरोग्याचा पुरावा होत नाही, कारण काही वाण विषाणू बाळगूनही लक्षणे दाखवत नाहीत आणि उष्ण हवामानात लक्षणे अनेकदा झाकली जातात.

डेलियात आढळणाऱ्या विषाणूंची यादी लांब आहे, पण व्यवहारात डेलिया मोझॅक विषाणू, टोमॅटो स्पॉटेड विल्ट, इम्पेशन्स नेक्रॉटिक स्पॉट, काकडीवरील मोझॅक आणि टोबॅको स्ट्रीक यांच्याकडे प्रथम लक्ष द्यावे. त्यांखेरीज व्हायरॉइड हा वेगळा वर्ग आहे. विषाणूहूनही साधी रचना असलेले हे घटक बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता झाडात राहतात आणि चाकूने सहज पसरतात.

तपासणीविषयी एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण त्याअभावी चांगली झाडे फेकली जातात. पूर्वी डेलिया मोझॅक विषाणूचा ‘डी-१०’ नावाचा प्रकार मानला जात असे. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत झालेल्या संशोधनातून असे स्पष्ट झाले की, हा जनुकीय क्रम (डीएनएतील घटकांची विशिष्ट मांडणी) डेलियाच्या स्वतःच्या जनुकसंचातच सामावलेला आहे आणि तो बियांतूनही पुढच्या पिढीत जातो. त्यामुळे पीसीआर तपासणीत, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून विषाणू ओळखणाऱ्या चाचणीत, केवळ या क्रमासाठी ‘होकारार्थी’ निष्कर्ष आला, तर त्यावरून झाड रोगट ठरत नाही आणि कोणत्याही उपायाने तो काढूनही टाकता येत नाही. प्रयोगशाळेला नमुने पाठवण्यापूर्वी त्यांची चाचणी नेमके काय ओळखते, हे लेखी विचारून घ्यावे.

शेतातच करता येणाऱ्या पट्टी चाचण्या टोमॅटो स्पॉटेड विल्टसारख्या काही विषाणूंसाठी मिळतात. त्या लक्षणे असलेल्या पानावर वापरल्या तर उपयुक्त आहेत. लक्षणरहित झाडावरील नकारार्थी पट्टीला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण विषाणू झाडात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. मातृझाडांसाठी मात्र प्रयोगशाळेची तपासणीच करावी, आणि पाने एकाच फांदीवरून न घेता झाडाच्या वेगवेगळ्या भागांतून घ्यावीत. साठवणीतील कंदाचा तुकडा पाठवण्यापेक्षा त्यावर फुटवा येऊ देऊन त्याचे कोवळे पान पाठवणे अधिक विश्वसनीय आहे. खर्च आवरायचा असेल तर चार-पाच झाडांचा एकत्र नमुना द्यावा आणि तो दोषी निघाल्यासच त्यातील झाडे एकेक करून तपासावीत.

तिसरा प्रतिसाद

माझ्या मते या चर्चेत किडींना जितके स्थान मिळायला हवे तितके मिळालेले नाही. स्वच्छ बेणे आणले आणि ते उघड्यावर लावले, तर त्याची स्वच्छता किती काळ टिकेल हे आपल्या चाकूपेक्षा आजूबाजूच्या तणांवर अधिक अवलंबून असते.

मावा मोझॅकवर्गीय विषाणू काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या रसशोषणात उचलतो आणि तितक्याच सहजतेने पुढच्या झाडात सोडतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. त्यामुळे माव्याची संख्या कमी ठेवण्यासाठी फवारणी ठीक असली, तरी बाहेरून उडत येणाऱ्या माव्याकडून होणारी लागण तिने थांबत नाही. तेथे जाळी, चंदेरी आच्छादन आणि खनिज तेलाचा फवारा यांचा उपयोग अधिक होतो. फुलकिड्यांचे गणित निराळे आहे. टोमॅटो स्पॉटेड विल्टचा विषाणू त्यांच्या पिल्लांनीच उचलावा लागतो आणि मग प्रौढ कीड आयुष्यभर तो पसरवत राहते. याचा अर्थ असा की, ज्या झाडावर फुलकिडे अंडी घालून वाढतात तेच झाड रोगट असेल, तर ते धोक्याचे केंद्र ठरते. टोमॅटो, मिरची, शेवंती आणि अनेक तणे या विषाणूला आश्रय देतात. मातृझाडांच्या जाळीघरात शेवंतीची चार रोपे ‘जागा आहे म्हणून’ ठेवण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती मला अनाकलनीय वाटते.

जाळी निवडताना हेही पाहावे की, माव्याला अडवणारी जाळी फुलकिड्यांना अडवतेच असे नाही. त्यांच्यासाठी बरीच बारीक वीण लागते आणि मग हवा खेळती ठेवण्याचा वेगळा विचार करावा लागतो. आत निळे व पिवळे चिकट सापळे टांगावेत. फुले उमलू देऊ नयेत, कळ्याच खुडाव्यात, कारण फुलकिडे फुलांकडे आकर्षित होतात आणि टोबॅको स्ट्रीकचा प्रसार परागकणांशी जोडलेला आहे. शेतातील रोगट झाड उपटताना त्यावर आधी पिशवी घालून मग ते कंदासह काढावे, अन्यथा त्यावरील किडी हलताच शेजारच्या झाडांवर जाऊन बसतात. असे झाड कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. जमिनीत राहिलेला कंदाचा तुकडाही पुन्हा फुटतो, म्हणून ती जागा पुढील हंगामात पाहत राहावी.

हत्यारांची स्वच्छता अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नाही. व्हायरॉइड आणि गाठी निर्माण करणारे जिवाणू यांचा प्रसार मुख्यतः कापणीतूनच होतो. कंदाच्या मानेवर फुलकोबीसारखा बारीक फुटव्यांचा झुबका किंवा खरबरीत गाठ दिसली, तर त्या गड्ड्यावर चाकू चालवूच नये, तो तसाच बाहेर काढावा. अल्कोहोलने चाकू पुसणे जिवाणूंसाठी चालते, व्हायरॉइडसाठी ते अपुरे आहे. तेथे सोडियम हायपोक्लोराइटचे ताजे द्रावण हवे. माती व चीक यांनी त्याची शक्ती लवकर संपते, म्हणून चाकू आधी धुवावा आणि नंतर बुडवावा. दोन-तीन चाकू आळीपाळीने वापरले तर प्रत्येकाला द्रावणात पुरेसा वेळ मिळतो आणि काम अडत नाही.

प्रश्नकर्त्याची पुढील विचारणा

सर्वांचे आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. लक्षणे दाखवणाऱ्या वाणांपैकी दोन सोडून देता येतील, परंतु तिसरा आमच्या विक्रीचा मोठा भाग आहे आणि तो दुसरीकडे मिळत नाही. तो ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीतील पोषक माध्यमावर झाडाच्या लहान भागापासून रोपे वाढवून, स्वच्छ करता येईल का? आणि बियांपासून नवी रोपे तयार करणे हा सोपा मार्ग ठरेल का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

बियांचा पर्याय वाण टिकवण्यासाठी उपयोगाचा नाही. लागवडीतील डेलिया अष्टगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे बियांतून आलेले प्रत्येक रोप वेगळे निघते. नवे वाण निवडण्यासाठी मात्र ती चांगली सुरुवात आहे, कारण मोझॅक आणि विल्ट यांच्या प्रसारात बियांचा वाटा कंदांच्या तुलनेत नगण्य आहे.

ऊतिसंवर्धनाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याआधी एक स्वस्त पायरी करून पाहावी. त्या वाणाचे सर्व गड्डे क्रमांक देऊन वेगवेगळे फुटवावेत आणि तपासावेत. वाण जुना असला तरी शेतातील प्रत्येक झाडाला लागण झालेलीच असते असे नाही. अनेकदा त्यातील एखादे झाड स्वच्छ निघते आणि एका स्वच्छ झाडापासून कलमांनी संपूर्ण वाण पुन्हा उभा करता येतो. तपासणीवर खर्च करायचा असेल तर तो येथेच करावा, विक्रीच्या कंदांवर नव्हे.

सर्वच झाडे दोषी निघाली तर वाढबिंदू संवर्धन करणाऱ्या प्रयोगशाळेकडे जावे. साधे ऊतिसंवर्धन पुरेसे नाही, कारण फांदीच्या पेरापासून केलेले संवर्धन विषाणूही तितक्याच निष्ठेने वाढवते. वाढबिंदूचा ०.२ ते ०.५ मिलिमीटरचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली कापावा लागतो. तो जितका लहान तितकी स्वच्छतेची शक्यता अधिक, आणि जगण्याची शक्यता कमी. त्याआधी झाडाला काही आठवडे ३५ ते ३८ अंश तापमानात ठेवल्यास बऱ्याच विषाणूंच्या बाबतीत यश वाढते. व्हायरॉइड असेल तर हा उपाय उलटतो, कारण ते उष्णतेत अधिक वाढतात. म्हणून प्रयोगशाळेला वाण देताना त्यात काय आढळले आहे, हे अहवालासह कळवावे. परत आलेल्या प्रत्येक रोपाची तपासणी व्हायला हवी, कारण एकाच खेपेतील काही रोपे स्वच्छ आणि काही दोषी असणे नेहमीचेच आहे. रोपे हाती आल्यावर एक संपूर्ण हंगाम त्यांना जाळीत वाढवून पुन्हा तपासावे, कारण संवर्धनाच्या बाटलीत विषाणूचे प्रमाण इतके घटलेले असू शकते की ते चाचणीला सापडत नाही. याच हंगामात फुलाचा रंग व आकार मूळ वाणाशी जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी एक-दोन रोपांना फूल येऊ द्यावे आणि ती रोपे मातृझाडांत परत घेऊ नयेत.

विक्रीच्या बाबतीत माझा आग्रह असा की, लेबलावर ‘विषाणूमुक्त’ असा शब्द लिहू नये. कोणत्या विषाणूंसाठी, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या क्रमांकाचे मातृझाड तपासले, एवढेच लिहावे.