मदत हवी आहे: लाकडाच्या हीटरमधला कॅटॅलिटिक कंबस्टर गेलाय की नुसता चोंदलाय?

नमस्कार मंडळी,

आमच्या लाकडावर चालणाऱ्या हीटरला सिरॅमिकचा कंबस्टर आहे, म्हणजे धूर जाळून टाकणारी, भोकाभोकांची, लेप दिलेली जाळी. पूर्वी बायपासची झडप (उघडी असली की धूर कंबस्टर टाळून थेट धुराड्यात जातो) बंद केली की थोड्याच वेळात धुराड्यातला धूर दिसेनासा व्हायचा. आता झडप बंद केल्यावरही करडा धूर येत राहतो. लाकूड घालायला दार उघडलं की खोलीतही येतो. कंबस्टर पूर्वीसारखा लाल होत नाही. जाळी कुठे तुटलेली नाही, पण पुढच्या बाजूने राखेचा पापुद्रा धरलाय.

लाकूड वाळलेलंच असतं, फोडून आत मीटर लावला तर ओलावा २० टक्क्यांच्या आत. रंगवलेल्या फळ्या, प्लायवुड, प्लॅस्टिक, रंगीत कागद यातलं काही जाळत नाही, त्यामुळे तो प्रश्न नको. तापमापकाचा काटा २६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय झडपही बंद करत नाही.

विक्रेता म्हणतो, नवा बसवा. तो दुसरं काय म्हणणार! पण पॅलॅडियम-प्लॅटिनमचा लेप असलेली वस्तू तपासल्याशिवाय फेकवत नाही. भोकांतली राख तारेने काढली तर चालेल का? कॉम्प्रेसरची हवा मारू का? व्हिनेगरमध्ये उकळतात म्हणे, ते खरं का?

प्रतिसाद

दार उघडताना बायपास उघडा ठेवता ना? मग त्या वेळी धूर कंबस्टरमधून जातच नाही. तरीही तो खोलीत येत असेल तर आधी धुराडं आणि त्याच्या टोपीची जाळी बघा, क्रिओसोटने (धुराच्या काळ्या, चिकट थराने) भरली असेल. धुराड्याची ओढ कमी झाली की कंबस्टरही नीट तापत नाही.

तार अजिबात नको, लेप खरवडला जाईल. कॉम्प्रेसरही नको, सिरॅमिकच्या कडा ढासळतात. हीटर पूर्ण गार झाल्यावर रंग द्यायच्या मऊ ब्रशने राख झटका आणि व्हॅक्यूमने हलक्या हाताने ओढून घ्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

व्हिनेगरचा उपाय खरा आहे, पण शेवटचा. व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन मंद उकळीवर अर्धा तास, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचं. पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. बाहेर काढलात की भोवतीचं गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) नवंच लागेल, ते आधी आणून ठेवा.

लाल दिसण्यावर जाऊ नका. मंद आचेवर चांगला कंबस्टरही काळाच दिसतो. झडप बंद केल्यावर कंबस्टरचं तापमान चढतं का ते पाहा.

धागाकर्ता

हो, दार उघडताना बायपास उघडाच असतो. म्हणजे आधी टोपी. तिथे काहीच सापडलं नाही आणि ब्रशनंतरही काटा चढला नाही, तर व्हिनेगर करून बघायचं की तेव्हा मात्र नवाच घ्यायचा?

प्रतिसाद

व्हिनेगर एकदा करून बघा. त्यानंतरही काटा हलला नाही तर नवा घ्या. साधारण दहा हजार तास जळून झाले असतील तर लेपच संपलेला असतो.