११५ वरून थेट २०० किलोमीटर: पुणे–आनेवाडी–पुणे करताना काय काय सांभाळायचं?

घाटवेडा
सायकलवर एका दिवसातलं आतापर्यंतचं सगळ्यात जास्त अंतर ११५ किमी. डिसेंबरात २०० करायचं ठरवलंय. रस्ता पुणे–शिरवळ–खंबाटकी–आनेवाडी टोलनाका आणि त्याच वाटेनं परत. कमी पडतील ते किलोमीटर लिंबच्या दिशेनं पुढं जाऊन भरून काढेन. सायकल हायब्रिड, टायर ७०० बाय ३५, गिअरची दातेरी पाती पुढं तीन, मागं आठ. वजन ७६ किलो. थांबे वगळून सरासरी १९-२०. पायांचं काही म्हणणं नसतं, पण ९० च्या पुढं करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, डोकं जड होतं आणि खाणं नको वाटतं. तयारीला सहा आठवडे आहेत. सराव, खाणं, हवेचा दाब, सोबतचं सामान यावर नेमकं सांगा. 'मनाची तयारी हवी' हे माहीत आहे, ते सोडून.

लांबपल्ला
आधी वेळेचं गणित. १९ च्या सरासरीनं २०० किमीला साडेदहा तास. थांबे पावणेदोन तासांत बसवले तर सव्वाबारा. पहाटे पाचला निघालात तर सव्वापाचला घरी, म्हणजे डिसेंबरातल्या सूर्यास्ताच्या आधी. २०० च्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तास मिळतात, त्यामुळे पुढं तिकडं वळायचं झालं तरी हे वेळापत्रक पुरेल. पायांपेक्षा थांबेच जास्त वेळ खातात. चहाला म्हणून थांबलं की पस्तीस मिनिटं कुठं गेली कळत नाही. त्यामुळे थांबे आधीच ठरवा: शिरवळ, सुरूर फाटा, वळण्याची जागा, परतताना पुन्हा शिरवळ. प्रत्येकी २० ते २५ मिनिटं. मध्ये बाटली भरायला थांबलात तर पाय जमिनीवर, बूड सीटवरच.

सराव: आठवड्यात दोन दिवस तास-दीड तास आणि रविवारी लांब. रविवार असे: १००, १२०, ९०, १४०, १६०, आणि शेवटचा फक्त ५०. तिसरा मुद्दाम कमी ठेवलाय, तो वाढवू नका. १६० नीट जमलं की २०० साठी वेगळी ताकद लागत नाही, तीच चाल आणखी दोन तास धरायची असते.

चाल म्हणजे पूर्ण वाक्य न तोडता बोलता येईल एवढीच. पहिल्या ५० किलोमीटरला २४-२५ च्या वेगानं गेलात की त्याची वसुली १४० नंतर होते, व्याजासकट. खंबाटकीत पुढचं सगळ्यात छोटं पातं लावा आणि पेडलचे फेरे मिनिटाला ७० च्या खाली जाऊ देऊ नका. जड गिअर रेटला की गुडघा कुरकुरतो, आणि गुडघा दुखायला लागला तर तो दिवस संपला.

आता तुमचं जड डोकं. लक्षणांवरून वाटतं की खाणं उशिरा सुरू होतंय आणि बाटलीत नुसतं पाणी आहे. भूक लागायची वाट बघू नका. पहिल्या पाऊण तासात पहिला घास, मग दर अर्ध्या तासाला. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५, चार साध्या खजुरांत तेवढीच, गुळाच्या चिक्कीच्या छोट्या वडीत १५. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन वड्या झाल्या की काम झालं. पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. इथं एक चूक सर्रास होते: २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते आणि लोक ती अख्खी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. द्रावण दुप्पट घट्ट झालं की मळमळतं, आणि मग 'खाणं नको' म्हणून दोष केळ्याला. निम्मी पुडी टाका. उलट बाजूनं, दिवसभर लिटरच्या लिटर साधं पाणी रिचवत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचंच.

थांब्यावर इडली, पोहे, दहीभात. मिसळ परत आल्यावर. तर्री पोटात घेऊन खंबाटकी चढणं हा प्रयोग ज्याचा त्यानं करावा.

स्पोकपाना
बोटांबद्दल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट म्हणजे अल्नर नस. तळहाताच्या बाहेरच्या उशीवर भार पडला की ती दबते. हातमोजे जाड करून उपयोग नाही, भार कुठून येतोय ते बघा. बहुतेक वेळा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं, त्यामुळे अंग पुढं घसरतं आणि हात ते सगळं अडवत बसतात. सीट आडवी करा, मोबाइलवरचं लेव्हल ॲप चालेल. मग उंची: चप्पल न घालता टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर डुलता कामा नये. पुढच्या पावलानं पेडल मारताना आपोआप योग्य वाक येतो. हँडलला बार एंड (दोन्ही टोकांना बसणाऱ्या छोट्या मुठी) लावून घ्या. दर दहा मिनिटांनी पकड बदलायला जागा मिळते, हायब्रिडवर याच्याएवढा स्वस्त उपाय नाही. हे बदल शेवटच्या आठवड्यात करू नका, आत्ताच करा. एका वेळी एकच बदल, तोही चार-पाच मिलिमीटरचा. पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंडरवेअर नको, शिवणीच घासतात.

हवा: टायरवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, भरायचा नव्हे. ३५ च्या टायरला तुमच्या वजनासाठी पुढं ५०, मागं ५५ ते ६० पीएसआय. ८० भरलं तर रस्त्याचा प्रत्येक खडा हातात येतो. बोटांना तेही भोवतं.

या महामार्गावर पंक्चर बहुतेक काट्यानं होत नाही. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारेचे केसासारखे तुकडे कडेच्या पट्टीवर पडलेले असतात. तार टायरमध्ये अडकते, डोळ्यांना दिसत नाही, आणि नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत तीही बसते. म्हणून टायर काढताना त्यावरचं नाव व्हॉल्वसमोर कुठं होतं ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ट्यूब टायरशेजारी धरा, म्हणजे टायरवरची जागा सापडते. तिथं आतून कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तर धागे अडकतात. चिमट्यानं उपटा. बोट फिरवू नका, कापतं. शेजारीशेजारी दोन भोकं असली तर हवा कमी होती. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे.

सामान: दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे तीन लिव्हर, हातपंप, ॲलन चाव्यांचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या ८ स्पीडची एक जोडकडी, चिमटा, जुन्या टायरचा दोन इंची तुकडा. टायर चिरला तर तो तुकडा आतून लावायचा. व्हॉल्व बारीक प्रेस्टा असेल तर अडॅप्टर ठेवा, नाहीतर वाटेतल्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही.

कात्रज_जुना_बोगदा
रस्त्याबद्दल थोडं. जाताना आणि येताना दोन्ही वेळा कात्रजचा जुना घाट घ्या. नवीन बोगद्यात ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात आणि तिथं सायकल कुणाच्या हिशेबात नसते. मात्र येताना शिंदेवाडीकडून जुन्या बोगद्यापर्यंतचा चढ १८० किलोमीटरच्या पुढं येतो. चढ मोठा नाही, पण तोवर पाय संपलेले असतात. म्हणून खेड शिवापूरला पाच मिनिटं थांबून एक केळं खाऊनच चढा.

खंबाटकी जाताना घाटानं चढता, परतीची वाहतूक बोगद्यातून. उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, मागून येणाऱ्यालाही नाही. मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टरचं जाकीट आत शिरायच्या आधीच. काळा गॉगल काढा. पहाटे पाचला निघाल्यावर उजाडेपर्यंत जवळपास दोन तास अंधार, त्यामुळे पुढचा दिवा दिसण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी हवा.

लांबपल्ला
सहमत. फक्त एक भर: सेवारस्ता जिथं आहे तिथं तो बरा वाटतो, पण उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्या तिथंच असतात.

मीटरमास्तर
कुणी मापाचं बोललं नाही, म्हणून. हँडलवरच्या वायरवाल्या मीटरमध्ये चाकाचा घेर चुकीचा असतो आणि २०० झाले म्हणून लोक फोटो टाकतात. ७०० बाय ३५ ला २१६८ मिमी, बाय २८ ला २१३६, बाय २३ ला २०९६. तुमच्या मीटरला कुणी २३ चा आकडा टाकून दिला असेल तर २०० दिसेपर्यंत खरे जवळपास २०७ होतील, फुकटचे सात. उलट, टायर २८ चा आणि मीटरमध्ये ३५ चा घेर असेल तर २०० दिसतील आणि खरे १९७ असतील. छापील आकड्यावर विसंबू नका. व्हॉल्व जमिनीला टेकलेला असताना खडूनं खूण करा, सीटवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा मारा, दुसरी खूण करा, अंतर मोजा.

मोबाइलवर नोंद ठेवणार असाल तर विमान मोड लावा. जीपीएस चालू राहतं, बॅटरी वाचते. घरच्यांना कुठल्या थांब्यावर फोन येईल ते आधी सांगून ठेवा.

घाटवेडा
आत्ता सीट तपासली. नाक चांगलं बोटभर खाली होतं. मीटरमध्ये २०९६ आहे, म्हणजे माझे ११५ प्रत्यक्षात ११९ निघाले. शेवटच्या १५ किलोमीटरमध्ये कॅफीन घ्यावं का?

लांबपल्ला
घ्यायचं तर १५ नव्हे, ५० उरले असताना. कॅफीनचा असर व्हायला पाऊण-एक तास लागतो. शिरवळला एक कोरी कॉफी पुरे. सरावाच्या १६० ला आधी घेऊन बघा, काहींना लगेच संडास शोधावं लागतं आणि शिरवळ ते खेड शिवापूर पट्ट्यात ते दर किलोमीटरला नाहीत.