मदत हवी आहे: हैदराबाद-बंगळूरच्या टेनिस स्पर्धेतल्या महिला दुहेरीबद्दल

मंडळी, बाबांच्या जुन्या वहीत पेपरातली कात्रणं सापडली. २००४ साली हैदराबादच्या डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) स्पर्धेत १७ वर्षांच्या सानिया मिर्झाने लिझेल ह्यूबरच्या जोडीने दुहेरी जिंकली, तिचं ते पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपद. नेमकं त्याच कात्रणावर डिंक सांडलाय, निम्मा मजकूर गेला!

२००५ला सानियाने तिथेच एकेरी जिंकली आणि सगळे रकाने तिलाच मिळाले. दुहेरी जिंकली यान झी आणि झेंग जी यांनी. याच जोडीने पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन दोन्ही मारलं, पण वहीत त्यांची एक ओळ नाही. दुहेरीच्या नशिबी हे नेहमीचंच.

२००६ला स्पर्धा बंगळूरला गेली, तिथेही सानिया-ह्यूबरच. २००८ला सेरेना विल्यम्स एकेरी जिंकून गेली, आणि त्यानंतर स्पर्धा बंदच.

तर विचारायचं होतं, कुणाकडे २००३ ते २००८ या सहा वर्षांचे दुहेरीचे पूर्ण ड्रॉ (कोण कुणाशी खेळलं याचे तक्ते) आहेत का? पहिल्या फेरीत हरलेल्या भारतीय जोड्यांची नावं विशेष हवी आहेत. तिकिटं, माहितीपुस्तिका, काहीही चालेल. मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा पुरे. आणि स्पर्धा हैदराबादहून का हलली, हे तेव्हा तिथे असलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.